भावाच्या फायनलला मी अंपायर

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या क्लबच्या कप्तानाचा फोन आला, तेव्हा मी गॅसपाशी उभी राहून घावणे काढत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, तर पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "ताई, पांढरा शर्ट आहे का घरात, इस्त्रीचा?"

"का रे?"

"एक अंपायर तापाने फणफणलाय. डेंग्यू निघाला म्हणे. रात्रीपासून सगळीकडे फोन लावतोय, दुसरा कोणी मिळत नाही. आजच्या फायनलला तू उभी राहा."

तव्यावरचा घावणा करपला. मी गॅस बंद केला आणि मोरीपाशी दात घासत उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे बघितलं. तोंडात ब्रश धरून त्याने नुसत्या भुवया उडवल्या. काय झालं?

सगळा घोटाळा तिथेच होता. फायनल आमच्या क्लबची होती आणि आमच्या क्लबचा पहिल्या नंबरचा फलंदाज म्हणजे हा माझा धाकटा भाऊ. पस्तिशी ओलांडलेला, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा. त्या सीझनमध्ये तो असा काही सुटला होता की घोडपदेवच्या आमच्या चाळीत सोमवारी सकाळी पाण्याच्या रांगेतसुद्धा लोक त्याच्या धावा मोजायचे.

मी या भानगडीत पडले तेही त्याच्यामुळेच. सहाएक वर्षांपूर्वी तो मॅचला जाताना पॅड घरीच विसरला, ते द्यायला मी परळच्या मैदानावर गेले. तंबूत आप्पा स्कोअरबुक घेऊन बसले होते. आप्पा म्हणजे आमच्याच चाळीतले, तिसऱ्या मजल्यावरचे. मालवणकडचे, गिरणीत आयुष्य काढलेले, एके काळी या क्लबचे सलामीचे फलंदाज. नुकतंच त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि वहीतले बारीक चौकोन त्यांना दिसत नव्हते. मला म्हणाले, "गो बाय, तू लॅबात रिपोर्ट लिवतंस ना? मगे बस हय. मी सांगतंय, तू लिव." मी बसले ती बसलेच. त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, तेव्हा मला असा काही आनंद झाला की पुढचा रविवार कधी येतो याची मी वाट बघू लागले.

हळूहळू नियमांचं वेड लागलं. लेगबाय का दिला, नो-बॉलवर धावचीत कसा होतो, असं विचारून विचारून मी अंपायरांना भंडावून सोडायचे. शेवटी एकाने वैतागून सांगितलं, "बाई, तुम्ही परीक्षाच द्या." मी दिली. दोन महिने बसमध्ये नियमांचं पुस्तक वाचलं. तोंडी परीक्षेला तीन परीक्षक समोर होते आणि खोलीत मी एकटीच बाई. पास झाले. पण तोवर मी उभी राहिले होते ती शाळाशाळांच्या मॅचना. मोठ्यांची एकही नाही. आणि आता एकदम फायनल.

"समोरच्या कप्तानाला माहीत आहे का, मी कोण ते?" मी फोनवर विचारलं.

"तू मैदानावर ये, मग बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला.

आम्ही दोघं टॅक्सीने निघालो. किटबॅग मध्ये, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. लालबागचा पूल येईपर्यंत तो गुडघ्याचा पट्टा सोडत-बांधत होता. मग म्हणाला, "ताई, एक सांगू? मी आउट असलो तर दे. पण नसलो तर उगाच भाव खायला देऊ नको."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण किती निष्पक्ष, हे दाखवायला."

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. खरं तर तीच भीती मलाही होती.

मैदानावर समोरचा कप्तान आधीच हजर होता. माटुंग्याच्या बाजूचा संघ, चांगल्या नोकऱ्यांतली मुलं, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. कप्तान उंच, धिप्पाड, जलद गोलंदाज. स्पर्धेच्या लोकांनी त्याला समजावून सांगितलं की पुढच्या रविवारपासून मैदान दुसऱ्या स्पर्धेला दिलंय, नंतर पाऊस येईल, तेव्हा फायनल होईल ती आजच. दोन्ही कप्तानांची तयारी असेल तरच मला उभं करता येईल.

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मॅडम, तुमचा भाऊ खेळतोय ना यांच्याकडून?"

"हो."

"एलबीडब्ल्यू असला तर द्याल?"

"पाय स्टंपसमोर असेल तर देईन."

त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "चला. चालेल आपल्याला."

दुसरे अंपायर अनुभवी होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या पिशवीतली जास्तीची टोपी मला दिली आणि इतकंच म्हणाले, "घाई करू नका. बोट वर गेलं की खाली येत नाही." चेंडू मोजायला खिशात सहा गोट्या टाकल्या. स्कोअरबुक आज पुन्हा आप्पांकडे होतं. आप्पा जाड चष्मा लावून तंबूत बसले होते, शेजारी समोरच्या संघाची स्कोअरर मुलगी लॅपटॉप घेऊन.

आप्पांचं त्या दिवशी वेगळंच काहीतरी चाललं होतं. एका सीझनमध्ये सर्वांत जास्त धावांचा क्लबचा विक्रम त्यांच्या नावावर होता, मी शाळेत होते तेव्हापासूनचा. तो मोडायला माझ्या भावाला फायनलमध्ये चौसष्ट धावा हव्या होत्या. आप्पांनी घरून नवीन पेन आणलं होतं. सकाळपासून येईल त्याला ते दाखवत होते, "आज माझा रेकॉर्ड जातला. ह्याच पेनान लिवतलंय."

पहिली पाळी समोरच्यांची झाली. त्या पस्तीस षटकांत मी काय काय केलं, ते मला धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पाचव्या षटकात मी पहिला झेलबाद दिला तेव्हा बोट आपोआप वर गेलं. पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते. मध्येच शेजारच्या सरावातला एक चेंडू आमच्या पिचवर घरंगळत आला, तेव्हा मी जोरात ओरडून खेळ थांबवला आणि माझा आवाज ऐकून माझी मलाच मजा वाटली. त्यांनी धावा चांगल्या केल्या, पण हाताबाहेर जातील इतक्या नाही.

जेवणानंतर आमची फलंदाजी सुरू झाली. भाऊ सलामीला आला. गार्ड घेताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मिडल-लेग, प्लीज." आयुष्यात पहिल्यांदा तो मला प्लीज म्हणाला असेल. मी बोटांनी खूण केली. त्याने बॅटने रेघ मारली.

पंधराएक षटकं तो असा खेळला की मला वर आकाशाकडे बघून दुसरा काहीतरी विचार करावा लागत होता. कव्हरमधून एक मारला, चेंडू सीमारेषेबाहेर शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत. तंबूतून शिट्ट्या. मी मख्ख चेहऱ्याने चौकाराची खूण करत होते आणि आतून माझा जीव नाचत होता.

मग ते अपील झालं. त्याच्या धावा चाळिशीत होत्या. समोरच्या कप्तानाचा चेंडू आत आला आणि फाटकन पॅडवर बसला. अकरा जण एकदम ओरडले. कप्तान दोन्ही हात पसरून माझ्यापुढे गुडघ्यांवर बसलाच. मी चेंडू पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणला. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता. लेगच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत देता येत नाही, मग तो पुढे स्टंपवर जात असो वा नसो.

"नॉट आउट," मी म्हणाले.

कप्तान उठला, पँट झटकली. मागे रनअपकडे वळला. पण स्लिपमधून आवाज आला, "भाई, बहीण आहे ती. राखी बांधते."

दोन-तीन जण हसले. माझे कान तापले. भावाने मान खाली घालून पिचवरचा खडा उचलला आणि बाजूला फेकला. षटक संपल्यावर दुसरे अंपायर माझ्या जवळून जाताना पुटपुटले, "मला स्क्वेअर लेगवरून टप्पा कळत नाही, पण तुम्ही वेळ घेतलात, ते बरं केलंत." मला त्या वाक्याने फार आधार वाटला.

त्यानंतर एका बाजूने आमचे गडी पडत गेले. भाऊ उभा होता, पण गुडघा दुखायला लागला होता. दुसऱ्या टोकाला आमचा कप्तान आला. शेवटचं षटक सुरू झालं तेव्हा मैदानाच्या कडेला माणसंच माणसं उभी होती. जवळच्या रस्त्यावरून जाणारे लोक स्कूटर स्टँडला लावून कुंपणापाशी थांबले होते. आमच्या चाळीतल्या बायका टॅक्सी मिळाली नाही म्हणून चालत आल्या होत्या आणि एक जणी घरातली थाळीच वाजवत होती.

आता हेल्मेटचं सांगायला हवं. त्यांचा यष्टिरक्षक, विशीबाविशीतला शांत मुलगा, फिरकी चालू असताना हेल्मेट घालून स्टंपजवळ उभा राहत होता. शेवटच्या षटकाला त्यांच्या कप्तानाने जलद चेंडू टाकायला घेतले, तेव्हा तो मागे सरकला आणि हेल्मेट काढून त्याने आपल्या पाठीमागे गवतावर ठेवलं. यात गैर काही नाही. नियम इतकाच की खेळात असलेला चेंडू त्या ठेवलेल्या हेल्मेटला लागला, तर फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच धावा दंडाच्या मिळतात आणि चेंडू त्याच क्षणी मृत होतो. त्यापुढे कोणी कितीही पळो.

शेवटचा चेंडू राहिला. जिंकायला पाच हव्या होत्या. भाऊ एकसष्टवर होता, म्हणजे विक्रमाला तीन हव्या. मी खिशातली शेवटची गोटी हातात घट्ट धरली.

त्यांचा कप्तान धावत आला. चेंडू पायात टाकला, भावाने तो मिडविकेटवरून उचलला. उंच गेला, पण सीमारेषेपर्यंत पोचला नाही. दोघे पळत सुटले. पहिली धाव झाली. मी बाजूला सरकले, पिच समोर ठेवलं. क्षेत्ररक्षकाने चेंडू गाठला. भाऊ लंगडत लंगडत दुसऱ्या धावेसाठी यष्टिरक्षकाच्या टोकाला परतला आणि त्याने क्रीज ओलांडली. तेवढ्यात फेक आली. यष्टिरक्षक धावत स्टंपपाशी पोचला होता, त्याने झेलायला ग्लव्ह्ज पुढे केले, चेंडू ग्लव्ह्जच्या टोकाला लागून मागे निसटला. आमच्या कप्तानाने "पळ!" म्हणून हाळी दिली, भाऊ तिसऱ्या धावेसाठी वळला.

चेंडू गवतावरून घरंगळत गेला आणि हेल्मेटला लागला. हेल्मेट जागच्या जागी थोडं फिरलं. त्या वेळी दोन्ही फलंदाज आपापल्या क्रीजमधून दोन-तीन पावलं निघाले होते. एकमेकांना ओलांडलं नव्हतं.

"डेड बॉल!" मी हात हलवून ओरडले. कोणालाही ऐकू गेलं नाही. यष्टिरक्षकाने धावत जाऊन चेंडू उचलला, भाऊ तोवर उड्या मारत माझ्या टोकाला पोचला. तिसरी धाव झाली असं त्याला वाटलं. समोरच्यांनी एका धावेने मॅच जिंकली असं सगळ्यांना वाटलं. त्यांचे गडी स्टंप उपटायला धावले. तंबूत आमची माणसं मॅच हरली म्हणून गप्प, आणि आप्पा एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण त्यांच्या हिशेबाने विक्रम मोडला होता.

भाऊ धापा टाकत माझ्याशेजारी वाकला. घामाने डबडबलेला. "गेली मॅच," तो म्हणाला, "पण विक्रम झाला ना, ताई?"

 मी तंबूकडे तोंड केलं आणि उजव्या हाताने डाव्या खांद्यावर पुन्हा पुन्हा थापट्या मारायला लागले. पाच धावांच्या दंडाची खूण ती. परीक्षेसाठी आरशासमोर पाठ केलेली. मैदानावर मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते.

समोरचा कप्तान नाचता नाचता थांबला. "हे काय?"

"चेंडू हेल्मेटला लागला. पाच धावा. चेंडू तिथेच मृत."

"कुठे लागला? कोणी बघितलं?"

"मी बघितलं."

"तुम्ही बघणारच!" त्याचा आवाज चढला. "भावाची टीम हरत होती ना!"

मी दुसऱ्या अंपायरांना बोलावलं. ते धावचीत बघायला क्रीजवर नजर ठेवून होते, त्यांना हेल्मेट दिसलंच नव्हतं. त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. आता भोवती पंचवीस-तीस माणसं जमली. कोणी व्हिडिओ शोधत होतं, कोणी शिव्या देत होतं.  एक विचार मनात आला, आणि तो मी लपवणार नाही. म्हणावं, नीट दिसलं नाही, द्यावा निकाल त्यांना, कोणी बोट दाखवणार नाही. टॅक्सीतलं भावाचं वाक्य आठवलं. मी खांद्यावरचा हात काढला नाही.

"मी बघितलंय आणि मी दिलंय," मी म्हणाले. "पण तुमच्या यष्टिरक्षकाला विचारायचं असेल तर विचारा."

तो मुलगा मागे उभा होता, एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात ते हेल्मेट. कप्तान त्याच्याकडे वळला. "बोल ना रे. लागला का?"

मुलगा कप्तानाकडे बघेना. त्याने हेल्मेटवर बोट ठेवून दाखवलं, तिथे मातीचा ताजा डाग होता. "लागला," तो म्हणाला. "आवाज आला मला. सॉरी, भाई."

कप्तान त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता याला मारतो की काय. त्याने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या मुलाच्या मानेभोवती हात टाकून त्याला तंबूकडे घेऊन गेला. जाता जाता मला म्हणाला, "बरोबर आहे मॅडम तुमचं."

मग आमच्या बाजूला जो काही कल्लोळ झाला! आमचा कप्तान पिचवर लोळायला लागला. थाळी वाजवणाऱ्या बाईने थाळी टाकून नवऱ्याला मिठी मारली. मला कोणीतरी उचलायला आलं, मी ओरडले, "हात लावू नका, मी अंपायर आहे!"

फक्त भाऊ तिथेच उभा होता. "म्हणजे पाच आणि तीन, आठ," तो म्हणाला.

"पाच आणि दोन," मी म्हणाले. "हेल्मेटला लागला तेव्हा तुम्ही एकमेकांना ओलांडलं नव्हतं. तिसरी धरत नाहीत."

"ताई."

"काय ताई? दोनच."

त्याने बॅट काखेत घेतली आणि चालायला लागला.

तंबूत आप्पा अडून बसले होते. "मी तीन लिवलंय. पोरग्यान धावून काढलीहत, माझ्या डोळ्यांदेखत."

"आप्पा, खोडा. दोन लिहा."

"गो, माझो रेकॉर्ड मोडता, माझी हरकत नाय, आणि तुझी कसली इली?"

"नियमाची," मी म्हणाले. शेजारच्या मुलीने लॅपटॉप फिरवून दाखवला. तिने दोन लिहिले होते, पाच दंडाच्या वेगळ्या. आप्पांनी चष्मा पुसला, नव्या पेनाने तीनवर रेघ मारली आणि दोन लिहिले. मग मला ऐकू जाईल असं म्हणाले, "माका ह्या बायेक शिकवूकच नको होता."

त्या दोन धावांनी विक्रमाची बरोबरी झाली. विक्रमाच्या पानावर आप्पांच्या नावासमोर माझ्या भावाचं नाव आलं, तोच आकडा. भाऊ पॅड न काढता तंबूच्या कोपऱ्यात बसला होता. आप्पा वही घेऊन त्याच्यापाशी गेले. "बरोबरी म्हणजे काय कमी रे? इतकी वर्सां मी ह्या पानावर एकटोच बसलंय. जरा सोबत झाली." भावाने वहीकडे बघितलं, पण हसला नाही.

चषक मिळाला, फोटो झाले. फोटोत मी नाही. दुसऱ्या अंपायरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "मला नाही दिसलं, तुम्हाला दिसलं. पुढच्या सीझनला मी तुमचं नाव सुचवतो."

संध्याकाळी आमच्या गल्लीत बेंजो लागला. चाळीसमोर चषक टेबलावर ठेवून पोरं नाचत होती. मी गॅलरीत उभी होते, पाय सुजलेले, खांदा दुखत होता. भाऊ खाली गर्दीच्या कडेला उभा होता, माझ्याशी अजून बोलला नव्हता. तेवढ्यात शेजारच्या खोलीतला एक जण त्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, "सख्ख्या बहिणीने तिसरी धाव खाल्ली रे तुझी!"

भाऊ वळला. मला वाटलं आता बिनसलं.

"खाल्ली नाही," तो म्हणाला. "तुला नियम माहीत नाही, तर कशाला बोलतोस? इकडे ये." त्याने टेबलावरचा चषकच उचलला आणि जमिनीवर उलटा ठेवला. "हे हेल्मेट. हा इथे चेंडू लागला. मी इथे होतो, कप्तान तिकडे. ओलांडलं होतं का आम्ही? नव्हतं ना? मग झाल्या किती?"

शेजारी गोंधळला. "तीन?"

"दोन रे बाबा, दोन!" भाऊ ओरडला, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून समजवायला लागला. बेंजोवाल्यांनी वाजवणं थांबवलं होतं. त्यांनाही ऐकायचं होतं.